मावळ्यांना पाणी कुठलं? : मुलांचा इतिहास, गटकाम आणि दिवाळीतला किल्ला

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बोलीतली रूपं तशीच ठेवली आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय ‘इतिहास रंजक कसा करावा’ असा छापला आहे. तो मी थोडा वळवून घेणार आहे, आयोजकांना तशी कल्पना दिलेली आहे. कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला बघायचंय ते हे, की रंजक करण्यासाठी जे केलं जातं ते कसं असतं. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर शुक्रवार उजाडला की होते. पण मुलांसाठी केलेल्या वस्तूंकडे, म्हणजे खेळ, तक्ते, नाटुकली यांच्याकडे, कोणी समीक्षकाच्या नजरेनं बघत नाही. ‘वा, छान’ म्हणायचं, फोटो काढायचा, संपलं. छान म्हणणं हा दुर्लक्षाचाच एक सभ्य प्रकार आहे.

बाहेर वऱ्हांड्यात अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प मांडले आहेत. पाच-पाच जणांचे गट आहेत. इतिहासावरची साप-शिडी आहे, शब्दकोडं आहे, घंटा वाजवून उत्तर द्यायची प्रश्नमंजूषा आहे, पुठ्ठ्याची ढाल-तलवार आहे. हात नीटनेटके आहेत, कष्ट दिसतात. ज्यांनी केलं ते इथेच बसलेत, म्हणून मोकळेपणानं बोलते. पाठीमागे बोलण्यापेक्षा हे बरं.

साप-शिडी घेऊ. पुरंदरच्या तहाच्या घरात साप आहे, आग्र्याहून सुटकेच्या घरात शिडी. मूल फासा टाकतं, पाच पडले, सापाच्या तोंडात गेलं, खाली आलं. हसतं. गंमत आली, नाही असं नाही. पण ती गंमत कुणाची? फाशाची. तहाचा तिच्याशी काय संबंध? मी एक साधी कसोटी लावते. इतिहासाची लेबलं काढा आणि त्याच पटावर आरोग्याची लावा. हात न धुण्याच्या घरात साप, लसीकरणाच्या घरात शिडी. खेळ तसाच चालतो की नाही? तितकाच रंगतो. म्हणजे इतिहास त्या खेळात नव्हताच, वरून चिकटवलेला होता. कडू गोळीला साखरेचा लेप दिला तर मूल साखर चाटतं आणि गोळी थुंकतं.

आणि नुकसान इतकंच असतं तर मी बोललेही नसते. त्या पटावरून मूल एक गोष्ट नक्की शिकतं, ती ही की तह म्हणजे वाईट नशीब. फासा वाकडा पडला, झालं. वास्तविक १६६५ सालचा तो तह म्हणजे निवडीचा प्रसंग आहे. २३ किल्ले द्यायचे आणि १२ ठेवायचे. दिलेल्यांत पुरंदर होता, कोंढाणा होता, लोहगड-विसापूर होते, माहुली होता. ठेवलेल्यांत राजगड, तोरणा, रायगड, लिंगाणा. आता हाच खेळ करा ना! एका गटासमोर नकाशा ठेवा, त्यावर ३५ खडे मांडा आणि सांगा, २३ उचलून द्यायचेत, कुठले देता? पाहा वर्गात काय गोंधळ होतो ते. ‘पुण्याजवळचे नको देऊया.’ ‘अरे पण ते त्यांना हवेतच, ते दिल्याशिवाय ते मानणार कसे?’ ‘डोंगरातले ठेवू, तिथे त्यांची फौज पोचणार नाही.’ हे सगळं बोलताना मुलं इतिहासच बोलत असतात. या खेळाची लेबलं काढून बघा. निघत नाहीत, कारण ती लेबलं नाहीतच.

तेव्हा माझा पहिला मुद्दा एवढाच, की गंमत विषयाच्या पोटातून यायला हवी. पण इथेच थांबले तर व्याख्यान फार सोपं होईल. पोटातून आलेली गंमतसुद्धा मुलांना फसवू शकते. ते दाखवायला मी एक परदेशी उदाहरण घेते. तेही विद्यार्थ्यांनीच मिळून केलेलं आहे, आणि अगदी तुमच्यासारख्या, शिकवण्याचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांनी.

१९७१ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात कार्लटन कॉलेजचे तीन विद्यार्थी एकत्र राहत होते आणि शाळांमध्ये सरावपाठ घेत होते. डॉन रॉविच हा इतिहासाचा, बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर हे गणिताचे. रॉविचला मुलांना पश्चिमेकडच्या स्थलांतराचा धडा शिकवायचा होता. एकोणिसाव्या शतकात मिझुरीहून निघून बैलगाड्यांनी सुमारे २००० मैल चालत लोक ऑरेगनला गेले, तो प्रवास. त्यानं कागदावर मोठा नकाशा काढून पटावरचा खेळ करायला घेतला होता. दोघा गणितवाल्यांनी तो बघितला आणि म्हणाले, हे संगणकावर करता येईल. दोनेक आठवड्यांत त्यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि डिसेंबर १९७१ मध्ये मुलं तो खेळली. नाव ‘द ऑरेगन ट्रेल’. पुढे लाखो मुलांनी तो खेळला, पण मला रस आहे तो त्या पहिल्या खोलीत.

तिथे पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं यंत्र होतं, मोठ्या टाइपरायटरसारखं. ते दूरच्या संगणकाशी जोडलेलं आणि जे सांगायचं ते कागदावर खडखड छापणारं. यंत्र एक आणि मुलं अनेक, म्हणून गट करून बसावं लागलं. पैसे इतके आहेत, बैलांवर किती घालवायचे, धान्यावर किती, गोळ्यांवर किती, कपड्यांवर किती? एकाला वाटतं बैल चांगले घ्यावेत, दुसरा म्हणतो थंडीत मरू. उत्तर एकच टाइप करता येतं, तेव्हा आधी भांडणं भाग आहे. शिकारीला एक शब्द पटकन आणि बिनचूक टाइप करावा लागे, म्हणजे ज्याची बोटं चपळ त्याचा भाव वधारणार. यंत्र कमी पडलं त्यामुळे गटकाम घडलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे शाळांत संगणकाच्या खोल्या झाल्या, ज्याला-त्याला आपापला पडदा मिळाला, चित्रं आली, रंग आले. खेळ देखणा झाला आणि वाद कमी झाला. सुविधा वाढली की शिक्षण वाढतंच असं नाही; आपल्याकडे टॅब वाटताना हा विचार कोणी केल्याचं दिसत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आता लेबलाची कसोटी लावा. लवकर निघालात तर बैलांना गवत नाही, उशिरा निघालात तर डोंगरात बर्फ. १९८५ साली जी सुधारित आवृत्ती आली तिच्यात तुम्ही बँकर, सुतार किंवा शेतकरी म्हणून निघू शकता. बँकरकडे पैसे जास्त, शेतकऱ्याकडे कमी, म्हणून शेतकरी पोचला तर त्याला गुण तिप्पट. हे कशाला चिकटवलेलं नाही, प्रवासाच्या आतलंच आहे. १९७४ मध्ये रॉविचनं खेळ पुन्हा उभा केला. मूळ प्रोग्रॅम सत्र संपल्यावर संगणकावरून पुसलेला होता, कागदावरची छापील प्रत तेवढी जपून ठेवलेली. तेव्हा त्यानं प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून अपघात, आजार, वादळं यांचं प्रमाण ठरवलं. नुसता फासा नाही. फाशाच्या मागे कागदपत्रं आहेत. इतिहासाचा शिक्षक यापेक्षा काय वेगळं करणार?

मग दोष कुठे? दोष गाडीत आहे. या खेळात बसायला जागा एकच आहे, गोऱ्या स्थलांतरिताची गाडी. तिथून बघितलं की समोर मोकळी जमीन दिसते, नद्या दिसतात, रानरेडे दिसतात, आणि मधूनमधून मूळ रहिवासी ‘भेटतात’. कधी धोका म्हणून, कधी मदत म्हणून. जमीन त्यांची आहे आणि आपण तिच्यावरून गाडी नेतोय, हे खेळताना जाणवायची सोयच नाही. पुढे ही टीका खूप झाली, आणि २०२१ साली गेमलॉफ्ट कंपनीनं नवी आवृत्ती काढली तेव्हा मूळ रहिवासी समाजांतल्या इतिहासकारांचा सल्ला घेतला. पण पन्नास वर्षं गेली ना मध्ये. आणि गंमत जितकी खरी तितकी ती बैठक मनात पक्की होते. पाठ्यपुस्तकातला एकतर्फी धडा मूल परीक्षेनंतर विसरतं, हातानं खेळलेला एकतर्फी खेळ विसरत नाही. कंटाळवाण्या इतिहासानं एवढा धोका कधीच निर्माण केला नसेल. म्हणून इतिहास रंजक करायला निघणाऱ्यांची जबाबदारी वाढते.

एवढी प्रस्तावना झाली, आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे असा एक खेळ आहे, ज्यात गट आहे, इतिहास आहे आणि लेबल सोलून निघत नाही. तो कुठल्याही महाविद्यालयानं दिलेला नाही, त्याला गुण नाहीत. दिवाळीतला किल्ला. महाराष्ट्रभर, आणि बेळगावातही, मुलं तो करतात. मी त्याला कलाकृतीच म्हणते.

किल्ला करताना बघितलाय ना? सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड गोळा होतात. मोठी मुलं जागा ठरवतात. मधली माती आणतात. लहान्यांना पाणी आणायचं काम, आणि त्यांची तक्रार कायमची ठरलेली, ‘आम्हाला नुसतं पाणीच आणायला लावतात.’ विटांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट, त्यावर मातीचा लेप. मग अळीव नाहीतर मोहरी पेरायची, ती चार दिवसांत उगवली पाहिजे. पायऱ्या, बुरूज, भगवा, सर्वांत वर सिंहासनावर महाराज. गुहेत वाघ. आणि कोणाच्या तरी घरून आणलेली सलाईनची नळी, जिच्यातून कारंजं उडतं.

इथे काम वाटून टाकता येत नाही, हे नीट लक्षात घ्या. तुमच्या प्रकल्पांत मी विचारलं, ‘कोणी काय केलं?’ तर एकानं माहिती काढली, एकीनं अक्षर काढलं, एकानं पुठ्ठा कापला, एक जण बोलणार. हे गटकाम नव्हे, ही कामाची वाटणी झाली. अक्षर काढणाऱ्या मुलीला माहिती चुकली तरी कळणार नाही. किल्ल्याचं तसं नाही. बुरूज खचला की त्याखालची पायरी गेली, पायरी गेली की शेजारचं तळं फुटलं. सगळ्यांना एकाच वेळी कळतं आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. मातीला पाचही जणांचं ऐकावं लागत नाही, पाचही जणांना मातीचं ऐकावं लागतं. शिवाय मुलं वेगवेगळ्या वयांची. शाळेतल्या एका इयत्तेच्या गटात हे कधी जमत नाही. सातवीतला चौथीतल्याला सांगतो, चौथीतला नुकताच शिवछत्रपतींचा इतिहास शिकलेला असतो म्हणून उलट सातवीतल्याला सुनावतो.

एका सोसायटीत मी किल्ला बघायला गेले होते. राजगड केलेला. आता राजगड करणं सोपं नाही. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, म्हणजे अंगणात तीन दिशांना हातपाय पसरलेला प्राणी. त्यांनी तो बरा केला होता. कारंजं चालू होतं. मी विचारलं, ‘या मावळ्यांना प्यायला पाणी कुठून येतं?’ एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, ‘नळीतून, काकू.’ (हशा) बाकीचे हसले, पण एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, ‘खरंच, वर पाणी कसं चढवत असतील?’ दुसरा म्हणाला, ‘चढवत नसतील, पावसाचं साठवत असतील.’ ‘मग तळं वर पाहिजे, आपलं खाली आहे.’ ‘वर खणलं तर ढासळेल.’ ‘दगडात खणत असतील ना, मातीत कुठे!’ माझं काम तिथे संपलं. मी जिना उतरले तरी वरून आवाज येत होता.

त्या मुलांनी पाच मिनिटांत जे गाठलं ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. १७१५ च्या सुमाराचा हा राजनीतीवरचा ग्रंथ, त्यात दुर्गांचं प्रकरण आहे. ते सांगतात, गड बांधायच्या आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा घेणं भागच असेल, तर खडक फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. म्हणून राखीव पाणी ठेवा. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचा, म्हणजे एका कामात दोन कामं, हे तर कुठल्याही गडावर गेलात तरी दिसतं. आणि मला सर्वांत आवडतं ते पुढचं. गडावरचा केर खाली टाकू देऊ नये, तो जागोजागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघरी भाजीपाला करावा! तीनशे वर्षांपूर्वीचं कचऱ्याचं व्यवस्थापन. हे वाचल्यावर अळीव पेरणाऱ्या मुलांना सांगा, की तुम्ही शोभेला जे हिरवं करता, ते गडावर भाजीला करायचे. मला खात्री आहे, त्या वर्षी एक परस नक्की होईल.

आता माझी तक्रार. हा खेळ इतका चांगला आहे म्हणूनच तक्रार करायची. दिवाळीच्या किल्ल्यावर कोण राहतं? महाराज आणि मावळे. मावळे सगळे एकसारखे, ढाल-तलवार घेतलेले, बाजारातून आणलेले. एखादी गवळण असते, डोक्यावर दोन घडे. ती कुठून येते आणि कुठे जाते कोणाला माहीत नाही. पण गड चालवायला हवालदार लागतो, सबनीस लागतो, सरनोबत लागतो. कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला लिहिलेल्या बखरीत हे आहे. तिघं बरोबरीचे, एकाच्याच हाती गड द्यायचा नाही. फितुरी होऊ नये म्हणून केलेली किती साधी आणि पक्की योजना! मुलांना ही सांगितली तर ती लगेच ओळखतील, कारण कुल्फीचे पैसे एकाच्याच खिशात ठेवायचे नाहीत हे त्यांनाही कळतं. मग गडाच्या घेऱ्यात, मेटांवर पहारा करणारे रामोशी, महार, बेरड. रात्री जागणारे ते. आपल्या किल्ल्यावर डोंगराचा उतार असतो, त्यावर अळीव असतं, वाघ असतो, पण मेट नसतं. पाथरवट नसतो, गवंडी नसतो. रायगडाच्या देवळाबाहेरच्या शिलालेखात हिरोजी इंदुलकराचं नाव आहे, पण तुमच्या-आमच्या अंगणातल्या रायगडावर हिरोजी कधी दिसत नाही. गंमत अशी, की त्या अंगणात माती तुडवणारी सगळी मुलं हिरोजीचंच काम करत असतात आणि स्वतःला मावळे समजत असतात.

ऑरेगनची गाडी आठवा. बसायला एकच जागा. आमच्या किल्ल्यातही बघायची जागा एकच, सिंहासनासमोरची. तिथून नमस्कार छान होतो. प्रश्न विचारायला मात्र खाली, मेटावर उतरावं लागतं.

कोणी म्हणेल, मुलांचा खेळ आहे, एवढं कशाला? मुलं किल्ल्यावर हेलिकॉप्टर ठेवतात, क्रिकेटचा संघ ठेवतात, त्याचं काय? त्याला मी दोष देत नाही. उलट दारापाशी प्लॅस्टिकचा रणगाडा बघितला की मला बरं वाटतं, कारण तिथे प्रश्न तयार आहे. ‘हा महाराजांकडे असता तर?’ ‘गडावर चढला असता का?’ ‘दारातून आत आला असता का?’ आणि मग दाराकडे जाता येतं. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या मधून वळून जावं लागतं. का? धावत येऊन धडक द्यायला हत्तीला जागा मिळू नये, तोफेचा नेम सरळ लागू नये. रणगाड्यालाही वळताना अडचण होणारच. चूक वस्तूपासून बरोबर प्रश्नापर्यंत दोन पावलं असतात. घाण होते ती ‘काढ तो रणगाडा, परीक्षक येतायत’ म्हणण्यानं.

परीक्षक! स्पर्धांविषयी बोललंच पाहिजे. गावोगावी मंडळं, पक्ष, वर्तमानपत्रं किल्ले स्पर्धा घेतात. हेतू चांगला असतो, मीही परीक्षक म्हणून हिंडले आहे. गुणपत्रिकेवर ‘प्रतिकृती’, ‘सजावट’, ‘माहिती’ असे रकाने असतात. ‘प्रतिकृती’मुळे मूल फोटो बघून करतं, डोंगर कसा असेल याचा विचार करायची गरज उरत नाही. ‘सजावट’मुळे आईवडील उतरतात आणि थर्माकोल, रंग, विजेच्या माळा येतात. एका ठिकाणी तर वडीलच माती लावत होते आणि मुलगा लांब उभा राहून मोबाइल बघत होता. ‘माहिती’मुळे एक मुलगा पाठांतर करून ठेवतो आणि आपण जवळ गेलो की टेप सुरू होते. समुद्रसपाटीपासून उंची, बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ. मध्ये थांबवून काही विचारलं तर टेप पहिल्यापासून. हल्ली प्लास्टरचे तयार किल्लेही मिळतात. आणायचे, ठेवायचे, मावळे लावायचे. त्यात ढासळण्यासारखं काही नाही. म्हणजे शिकण्यासारखंही काही नाही.

रकाने बदलायला काय हरकत आहे? ‘काय ढासळलं आणि कसं सावरलं?’ हा एक रकाना ठेवा. ‘गटात कशावरून वाद झाला?’ हा दुसरा. ‘या गडावर कोण दिसत नाही?’ हा तिसरा. मुलींना विचारा, त्या रांगोळीकडे का आणि किल्ल्याकडे का नाहीत. बऱ्याच ठिकाणी आता त्या मातीत हात घालतात, पण महाराजांची मूर्ती वर ठेवायची वेळ आली की अजून एखादा दादाच पुढे होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. त्यानंतर या स्पर्धांना अधिकच जोर येणार हे उघड आहे. तेव्हा जिंजी कोणी केला तर मला बघायला आवडेल. महाराष्ट्राचा गड तमिळ मुलखात कसा, हा प्रश्नच किती मोठा आहे. आणि तिथे भाजी कुठली पिकवत असतील?

विद्यार्थी-शिक्षकांना एक सांगायचं राहिलं. तुमच्यापैकी पुष्कळ जण या दिवाळीत घरी जाणार. किल्ला करणाऱ्या मुलांत जाऊन तुम्ही शिकवायला लागू नका, ती पळून जातील, आणि बरोबर करतील. पाणी आणायचं काम मागा. लहान्यांची तक्रार तेवढीच कमी होईल. आणि पाणी ओतता ओतता विचारा, हे वर कसं न्यायचे? एका वेळी एकच प्रश्न. उत्तर माहीत असलं तरी देऊ नका. उत्तर चुकलं तरी दिवाळी चार-पाच दिवस असते, दुसऱ्या दिवशी माती सांगेल.

शेवटचा दिवस तर कोणी हिशेबातच धरत नाही. भाऊबीज झाली, मावळे धुऊन-पुसून डब्यात गेले, की उरलेले सुतळी बॉम्ब भुयारात लावून किल्ला उडवतात. मोठी माणसं रागावतात, ‘महाराजांचा किल्ला उडवता?’ मला यात इतिहासाचा एक अख्खा धडा वाया जाताना दिसतो. किल्ले पडले की नाही? १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडासमोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि गड घेतला. बुरूज कुठून आधी ढासळतो, तट जाड ठेवूनही समोरचा डोंगर मोकळा सोडला तर काय होतं, लांब पल्ल्याची तोफ आल्यावर डोंगरी किल्ल्याचं काय झालं, हे त्या मुलांच्या हातातल्या उदबत्तीच्या टोकाशी आहे. बॉम्ब कानापासून लांब ठेवा, डोळे सांभाळा. पण लावण्याआधी त्यांना एवढं ठरवू द्या, की कुठल्या बाजूनं आणि का. पाच जणांची पाच मतं पडतील.

वेळ झाली आहे असं आयोजक खुणावतायत. प्रश्न असतील तर घेऊया. साप-शिडी केलेल्या गटानं आधी विचारावं, त्यांचा हक्क आहे.